पिवळ्या ठिपक्याची घंटी

भाचेबाई,

तुझ्यावर काहीतरी लिहिणार आहे असं फोनवर सांगितलं, तेव्हा तू "नको गं मावशी" एवढंच म्हणालीस. तीनदा म्हणाली असतीस तर कदाचित थांबले असते. एकदाच म्हणालीस, म्हणजे तुझं नेहमीचं, कुणाला अडवायचं नाही. तेव्हा आता भोग. पत्र तुला आहे, पण वाचणार चार लोक, आणि त्यांना तुझ्या कामातलं ओ की ठो कळत नाही. म्हणून सगळं गोष्टीसारखं सांगते. तुला 'भाची' म्हणणार आणि मला 'मावशी'. 'मी' म्हटलं की मला लगेच स्वतःची बाजू घ्यायची सवय आहे; 'मावशी' म्हटलं की त्या बाईला हवं तसं झोडता येतं. आणि या गोष्टीत ती बाई झोडण्यासारखीच वागली. कुठे चुकलं असेल तर मनात ठेव, दुरुस्त्या पाठवू नकोस.

तर, भाची चौतीस वर्षांची. लहानपणी दुकानात पाठवली की अर्ध्या तासानं परत यायची, कारण मागून येणाऱ्या प्रत्येकाला ती पुढे जाऊ द्यायची. दुकानदारानं "तुला काय हवं?" असं विचारेपर्यंत तोंड उघडायचं नाही. वर्गात हात वर करायची तो कानाच्या पाळीपर्यंतच. बाईंना वाटायचं, पोरगी कान खाजवतेय. मावशी उघड म्हणायची, "हिच्या पायावर कुणी पाय दिला तर ही त्यालाच विचारेल, लागलं तर नाही ना?" अशी मुलगी कंप्युटरच्या कामात शिरली आणि तिथे मात्र छान रुळली. कंप्युटर मध्येच बोलत नाही, हे त्याचं कारण असावं.

एका मोठ्या कंपनीत तिनं अकरा वर्षं कोड लिहिला. शेवटच्या दोन वर्षांत कामाची तऱ्हाच बदलली, कारण एजंट आले. एजंट म्हणजे माणूस नव्हे. तो एक प्रोग्रॅम. त्याला साध्या भाषेत "हे असं असं करून दे" म्हटलं की तो स्वतःच कोड लिहितो, चालवून बघतो, आणि काही धोक्याचं करायची वेळ आली की थांबून परवानगी मागतो. एकाला कामाला लावून आपण नुसतं बसायचं कशाला, म्हणून लोक पाच-सहा एजंट एकदम लावायला लागले. भाचीच्या स्क्रीनवर सहा काळ्या खिडक्या, एकीवर एक. कोण कशात गुंतलाय, कोण अडलाय, कुणी दुसऱ्याच्या फाईलवर हात फिरवलाय, काही पत्ता लागायचा नाही. ती स्क्रीनच्या कडेला चिठ्ठ्या चिकटवून लक्षात ठेवायची. पंखा लावला की चिठ्ठ्या उडायच्या.

त्यातून तिच्या डोक्यात आलं की या सगळ्यांना एका जागी गुण्यागोविंदानं नांदवणारं एक ॲप हवं. कुणाला न विचारता तिनं नोकरी सोडली आणि मावशीच्या मागच्या खोलीत येऊन बसली. खोलीत इस्त्रीचं टेबल, बंद पडलेलं शिलाई मशीन आणि मावशीला टाकवत नाहीत अशी मासिकं. इस्त्रीच्या टेबलावर तिनं दोन स्क्रीन मांडले आणि वर्षभरात ॲप उभं केलं.

ॲप दिसायला अगदी साधं. डावीकडे एजंटांची रांग, प्रत्येकाच्या नावापुढे एक ठिपका. हिरवा म्हणजे काम चालू, राखाडी म्हणजे संपलं, पिवळा म्हणजे 'अडलोय, काहीतरी विचारायचंय'. प्रत्येक एजंटाला सगळ्या कोडची स्वतःची वेगळी प्रत, म्हणजे एकमेकांच्या पायात पाय नको. नावावर टिचकी मारली की त्यानं काय काढलं, काय घातलं ते समोर येतं आणि खाली त्याचा प्रश्न. त्यातली गंमत अशी की हे ॲप भाची त्याच ॲपमध्ये बसून, एजंटांकडूनच बनवून घ्यायची. सुतारानं तीन पायांच्या स्टुलावर उभं राहून त्याचाच चौथा पाय ठोकावा, तसं.

एजंटांशी ती आपल्या भाषेतच बोलायची. "जमलं तर ही यादी जरा नीट लावशील का? घाई नाही."

"यंत्राला कसली गं विनवणी करतेस?" मावशी म्हणायची.

"सवय आहे गं."

"वाईट आहे."

मावशीला हे बोलायचा अधिकार होता, असं मावशीला वाटायचं. ती एकतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये होती, त्यातली चौदा सुपरवायझर. तेव्हा फोन आपोआप लागत नसत. समोर भोकाभोकांचं मोठं बोर्ड, प्रत्येक भोकावर बारीकसा दिवा. दिवा लागला की कुणीतरी फोन उचलून ताटकळतंय असं समजायचं, आणि ऑपरेटर मुलीनं दहा सेकंदांच्या आत तिथे प्लग घालून "बोला" म्हणायचं. दिवा अकराव्या सेकंदाला जळताना दिसला की मावशी मागून येऊन खुर्चीच्या पाठीवर पेन्सिल आपटायची. मुली तिला पाठीमागे काय म्हणत ते तिला ठाऊक होतं. तिला ते आवडायचं.

त्यामुळे भाचीचं ॲप पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मावशी दारातूनच ओरडली, "अगं, हे तर आमचं बोर्ड!" आणि त्या दिवसापासून ती या विषयातली तज्ज्ञ झाली. कुणी नेमलं नव्हतं.

भाचीची आई म्हणजे मावशीची धाकटी बहीण. तिचा रोज सकाळी फोन.

"ताई, दिवसभर करते तरी काय ती?"

"एजंट सांभाळते."

"कसले, विम्याचे?"

"अगं, कोड लिहिणारे. माणसं नाहीत ती."

"माणसं नाहीत तर सांभाळायचं काय त्यात? आणि माणसांत कधी मिसळणार ही? तुझ्या नादानं अशी झाली."

"माझ्या नादानं झाली असती तर बडबडी झाली असती. ठेव फोन, दूध उतू जातंय."

दूध गॅसवर नसायचंच. पण धाकटीचं दुखणं खरं होतं. जुन्या कंपनीनं भाचीला परत बोलावलं होतं, दुसऱ्या शहरातल्या ऑफिसात, आणि महिनाअखेरीपर्यंत उत्तर मागितलं होतं. मायलेकींचं ठरलं होतं की तोवर ॲपला एक पक्कं, वर्षभराचं गिऱ्हाईक मिळालं तर भाची इथेच राहील. नाहीतर मुकाट्यानं नोकरीवर जाईल. मावशीला यात कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनंही कुणाला सांगितलं नव्हतं की मागच्या खोलीतला तो कीबोर्डचा टकटकाट थांबला तर घर तिला खायला उठेल. असलं काही बोलायची तिला लाज वाटते.

गिऱ्हाईक म्हणावं असा एकच माणूस नजरेत होता. त्याला या दोघी 'दातवाला' म्हणायच्या. तो दातांचा डॉक्टर नव्हता; दातांच्या दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर बनवणारी सात जणांची कंपनी चालवायचा. महिनाभर त्याच्या माणसांनी भाचीचं ॲप वापरून बघायचं आणि पटलं तर वर्षाचा करार. तिसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला. भाचीनं तो स्पीकरवर टाकला, आणि मावशी नेमकी चहा घेऊन दारात. नेमकी म्हणजे, ती फोन वाजल्यावरच चहा घेऊन निघाली होती.

"मॅडम, ॲप छान आहे," दातवाला म्हणाला. "पण तुमचा तो पिवळा ठिपका फारच सभ्य आहे हो. परवा एक एजंट सकाळी दहाला अडला. आमच्या माणसाला ते दिसलं चार वाजता. सहा तास बिचारा उभा! अशानं आमचं जमायचं नाही."

"बघते," भाची म्हणाली.

फोन ठेवल्याबरोबर मावशीनं निकाल दिला. "घंटी लाव."

"मावशी, लोकांना कामात मध्येच आवाज नको असतो. मी ठिपका थोडा मोठा करणार होते."

"मोठा ठिपका! अगं, तू बुडत असलीस तर काठावरच्या माणसाला पत्र टाकशील. दिवा लागला की बझर वाजलाच पाहिजे, आणि उत्तर मिळेपर्यंत वाजत राहिला पाहिजे. एकतीस वर्षं मी काय केलं?"

"पण तिथे माणूस थांबलेला असायचा. एजंटाला काय, तो सहा तास थांबला तरी..."

"दातवाल्याला चाललं का?"

भाचीकडे याचं उत्तर असावं, पण मावशी तोवर आवाज निवडायला बसली होती. चौदा आवाज तिनं ऐकले. पहिले तेरा 'मांजराच्या गळ्यातले' म्हणून नापसंत केले आणि चौदावा, कानठळ्या बसवणारा, पक्का केला.

तीन दिवस भाचीनं घंटी बसवायचं काम सात एजंटांना वाटून दिलं आणि स्वतः त्यांच्या मागे लागून दमली. बुधवारी जेवल्यावर म्हणाली, "अर्धा तास पडते गं. घंटी वाजली तर मला उठव."

"हो हो, नीज तू."

पाच मिनिटांत घंटी वाजली. मावशी गेली. भाची गादीवर, चष्मा डोळ्यांवरच, तोंड किंचित उघडं. घंटीनंही जागी झाली नाही, इतकी थकलेली. स्क्रीनवर प्रश्न होता: 'आवाजाची फाईल या फोल्डरमध्ये ठेवू का?' खाली दोन बटणं, हो आणि नाही, आणि शेजारी काही लिहायचं असेल तर जागा. एवढ्यासाठी पोरीला काय उठवायचं? मावशीनं 'हो' दाबलं. पिवळा ठिपका हिरवा झाला.

तो हिरवा झालेला बघून तिला काय वाटलं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी तिच्या बोटाखाली एक दिवा विझला होता. दुसरी घंटी. तिनं वाचलं, 'हो'. तिसऱ्या प्रश्नाला तिनं स्टूल ओढून घेतलं. पहिले दोन प्रश्न तिनं नीट वाचले, पुढच्या तीन प्रश्नांची पहिली ओळ वाचली, आणि मग ती फक्त ठिपक्याकडे बघायला लागली. हाताला लय सापडली. घंटी, हो. घंटी, हो. एकानं जरा लांबलचक विचारलं: 'ही एक चाचणी नव्या घंटीबरोबर नापास होते आहे. ती जुनी झाली असावी. काढून टाकू का?' याला नुसतं बटण दाबणं तिला पुरेसं वाटेना. तिनं एका बोटानं लिहिलं, 'हो. लवकर आटपा.'

चाचणी म्हणजे कोडची परीक्षा. माणूस आधीच लिहून ठेवतो की असं केलं तर तसं झालं पाहिजे. कोडमध्ये काही बिघडलं की ती नापास होऊन ओरडते. मावशीला तेव्हा हे ठाऊक नव्हतं, असं लिहायचा मोह होतोय. ठाऊक होतं. भाचीनं दोनदा समजावून सांगितलं होतं.

सव्वा तासात अकरा प्रश्नांचा फडशा पाडून मावशी उठली. एकही दिवा दहा सेकंदांवर जळला नव्हता. ती गुणगुणत स्वयंपाकघरात गेली.

भाची उठली तेव्हा सगळे ठिपके राखाडी, आणि वर लिहिलेलं, 'सर्व चाचण्या पास'.

"घंटी वाजली नाही, मावशी?"

"वाजली एकदोनदा. बारीकसारीक होतं."

"काय होतं?"

"म्हटलं ना, बारीकसारीक."

दुसऱ्या कुणी आणखी खोदून विचारलं असतं. भाचीनं बदलांची यादी वरपासून खालपर्यंत सरकवली. यादी लांबलचक होती. तिनं एका एजंटावर घंटी वाजवून बघितली. वाजली, उत्तर दिल्यावर थांबली. संध्याकाळी नवं ॲप दातवाल्याकडे रवाना.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला फोन. दातवाल्याच्या आवाजामागे चौदाव्या नंबरचा आवाज, तोही एक नाही, पुष्कळ.

"मॅडम, ही थांबवायची कशी?"

"उत्तर दिलं की थांबते."

"सगळ्यांना उत्तरं दिली हो! सात मशीन बोंबलतायत. खाली चष्म्याचं दुकान आहे, तो दुकानवाला वर येऊन गेला. त्याला वाटलं, आम्ही शाळा काढली."

"आवाज बंद करून ठेवा, मी बघते."

"केला. एकानं तर आवाज बंद करायच्या आधी मशीन कपाटात कोंडलं. बघा, पण आज बघा."

भाची बसली. मावशीनं तीन वेळा चहा केला, तिन्ही वेळा तो गार झाला. चारच्या सुमारास दोष सापडला. एकच एजंट अडलेला असला तर घंटी नीट थांबायची. दोन किंवा जास्त एकदम अडले की मात्र कितीही उत्तरं द्या, ती थांबायची नाही. आणि नेमकी हीच गोष्ट तपासणारी एक चाचणी होती. भाचीनं काम सुरू करताना स्वतःच्या हातानं लिहिलेली. ती आता तिथे नव्हती.

ॲप प्रत्येक प्रश्न आणि उत्तर नोंदवून ठेवतं. भाचीनं नोंद उघडली. बुधवार, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. प्रश्न. आणि खाली उत्तर, 'हो. लवकर आटपा.'

मागे न वळताच ती म्हणाली, "मावशी, मी कधी कुणाला 'आटपा' म्हणते का गं?"

मावशीनं चौदा वर्षांत कित्येक मुलींना अशा जागी उभं केलं होतं. स्वतः उभं राहायची तिची पहिलीच खेप. त्या मुली रडायच्या. तिनं वाद घातला.

"नापास होत होती ना ती?"

"नापास होते तेव्हाच तर तिचा उपयोग असतो."

"मग तुझा तो शहाणा 'काढून टाकू का' असं विचारतोच कशाला?"

"म्हणून तर विचारतो. कुणीतरी नाही म्हणावं म्हणून." आता भाची वळली. "तू मला उठवलं का नाहीस?"

"तू दमली होतीस."

हे निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं असं की मावशीला मजा येत होती. ते तिनं तेव्हा सांगितलं नाही, आता लिहितेय.

भाची चिडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मीही ती यादी वाचली नाहीच," आणि दुरुस्तीला लागली. संध्याकाळी नवं ॲप पाठवून तिनं दातवाल्याला फोन केला. आता ही एजंटावर ढकलेल, असं मावशीला वाटलं. मावशीनं तेच केलं असतं. भाचीनं सरळ सांगितलं, "माझी मावशी हो म्हणाली, आणि ते माझ्या नजरेतून सुटलं."

दातवाला म्हणाला, "सोमवारी अकराला या. आणि मावशींना घेऊन या."

"त्यांना कशाला?"

"चेष्टा करत नाही, मॅडम. आमची सातही माणसं न वाचता हो म्हणतात. मला पक्कं माहीत आहे, पण एकही कबूल करत नाही. कबूल केलेलं पहिलं माणूस तुमच्याच घरात निघालं. त्यांनी समोर बसून सांगितलं तर आमचेही बोलतील. मग तुम्ही ॲपमध्ये काय बदलायचं ते ठरवू, आणि कराराचंही बोलू."

भाचीचे डोळे चमकले. तिनं वही काढली, रकाने आखले. धोक्याच्या प्रश्नाला वेगळी वागणूक, हो म्हणण्याआधी बदल डोळ्यांखालून घालायला लावायचा, आणि घंटी काढूनच टाकायची. "तू फक्त एवढंच सांग, मावशी," ती म्हणाली, "दुसऱ्या प्रश्नानंतर काय झालं ते. वाचणं कधी सुटलं. बस्स. येशील ना?" आणि मग ज्या मुलीनं जन्मात कुणाच्या मागे लकडा लावला नव्हता, तिनं रविवारी पुन्हा विचारलं, आणि सोमवारी सकाळी परत. "येशील ना गं? नक्की ना?"

"येते म्हटलं ना!"

सोमवारी मावशीनं इस्त्रीचे कपडे घातले, केस विंचरले, बूट चढवले. सव्वादहाला ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "नळवाला यायचा आहे."

"कधी ठरलं?"

"आत्ताच."

नळ ठणठणीत होता. पण सात अनोळखी पोरांसमोर बसून, "मी वाचलं नाही, मला दिवे विझवायची मजा वाटत होती" असं म्हणायचं? एकतीस वर्षांत जिच्या नावानं ठपक्याचा एक साधा मेमो निघाला नाही, तिनं? भाची दारात उभी राहिली. एक मिनिट, दोन मिनिटं. मग "बरं" म्हणाली आणि वही घेऊन एकटीच गेली.

दुपारी परत आली ती सरळ मागच्या खोलीत. दातवाल्यानं सगळं ऐकून घेतलं म्हणाली. त्याच्या माणसांनाही तिनं विचारलं. सातही जण म्हणाले, आम्ही तर प्रत्येक ओळ वाचतो. मग करार कशावर करायचा? दोघांपुरतं ॲप ठेवतो, महिना-महिन्यानं बघू, असं दातवाला म्हणाला. वर्षाचा करार झाला नाही, महिना संपला, आणि भाचीनं आईला दिलेला शब्द पाळला. आता ती दुसऱ्या शहरात नोकरी करते आणि रविवारी ॲप. धोक्याच्या प्रश्नाला ॲपमध्ये आता सहज हो म्हणता येत नाही, असं तिनं फोनवर सांगितलं. मागच्या खोलीत इस्त्रीचं टेबल परत इस्त्रीचं झालं आहे. कपडे इतके नाहीत.

मी आले असते तर करार झाला असता, असं मी म्हणत नाही, भाचेबाई. माझ्या शब्दाला एवढं वजन बोर्डावरही नव्हतं. पण तू जन्मात मागे लागून मला एकच काम सांगितलंस. बॅग भरतानाही म्हणालीस, "मी नसले तरी दातवाल्याकडे एकदा जाऊन ये गं, ते अजून विचारतात." पत्ता लिहून फ्रिजवर लावून गेलीस. दातवाल्याचं ऑफिस घरापासून चालत बारा मिनिटांवर आहे, चष्म्याच्या दुकानाच्या वर. तू गेल्यापासून त्या दुकानात मी दोनदा जाऊन आले, एकदा नंबर तपासायला आणि एकदा चष्मा आणायला. दुकानाच्या शेजारीच जिना आहे. वर दिवे दिसत होते, माणसं होती. चढले नाही.